दुसरें उत्तर

घरांत एक सेवानिवृत्त शिक्षक असणें ही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीनें मोठी सोयीची गोष्ट असते; पण ज्या घरांत तो असतो त्या घरांतील मुलांना विचारलें, तर त्यांचें मत निराळें पडण्याचा संभव आहे. आमची नात यंदां दहावींत आहे. गणितांत कांहीं अडलें तर ती आधीं मैत्रिणीला विचारते, मग आईला विचारते, आणि हीं दोन्ही दारें बंद झालीं म्हणजे नाइलाजानें आमच्याकडे येते. याचें कारण आम्ही जाणून आहों. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देऊन थांबणें ही कला छत्तीस वर्षें मास्तरकी करूनहि आम्हांला साधलेली नाहीं. तिला हवी असते एक ओळ; आम्ही सुरुवात करितों ती शून्याच्या जन्मापासून.

परवां दिवेलागणीच्या सुमारास ती वही घेऊन आमच्या खुर्चीपाशीं येऊन उभी राहिली, तेव्हां दोन्ही दारें बंद झालीं आहेत हें आम्हीं ओळखलें. उदाहरण साधें होतें. एका आयताकृति वाफ्याची रुंदी लांबीपेक्षां ५ मीटरनें कमी आहे व क्षेत्रफळ ६ चौरस मीटर आहे, तर लांबी किती? लांबी क्ष मानून तिनें क्ष(क्ष − ५) = ६ असें समीकरण बरोबर मांडलें होतें. पण पुढच्याच ओळींत लिहिलें होतें: म्हणून क्ष = ६, किंवा क्ष − ५ = ६, म्हणजे क्ष = ११.

“यांतलं सहा बरोबर आहे, पुस्तकाच्या मागं तेंच उत्तर दिलंय,” ती म्हणाली. “मग अकरा कां चुकलं?”

अकरा मीटर लांबीच्या वाफ्याची रुंदी सहा होईल आणि क्षेत्रफळ सहासष्ट. तेव्हां अकरा चुकलें हें उघडच आहे. खरी गंमत सहाची आहे. तें बरोबर आलें होतें तें केवळ काकतालीय न्यायानें. फांदीवर कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याच्या भारानें मोडली असें नव्हे. सहांतून पांच गेले म्हणजे एक उरतो आणि सहाला एकानें गुणिलें तर सहाच राहतात, एवढ्याच योगायोगावर तिचें अर्धें उत्तर तरलें होतें. चुकीच्या वाटेनें बरोबर ठिकाणीं पोंचलेला माणूस पुढच्या खेपेसहि त्याच वाटेनें जातो. म्हणून आम्हांला अकरापेक्षां त्या सहाचीच काळजी अधिक वाटली.

दोन संख्यांचा गुणाकार सहा आहे, एवढ्यावरून त्यांच्याविषयीं फारसें कांहीं कळत नाहीं. त्या दोन आणि तीन असतील, चार आणि दीड असतील, बारा आणि अर्धा असतील. अशा जोड्यांना अंत नाहीं. पण गुणाकार शून्य आहे असें म्हटलें कीं साऱ्या पळवाटा बंद होतात. दोहोंपैकीं एक तरी शून्य असलीच पाहिजे. हा गुण सर्व संख्यांत एकट्या शून्याचा आहे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम घालून दिले. कोणत्याहि संख्येला शून्यानें गुणिलें असतां शून्यच येतें, हा त्यांपैकीं एक. अवयव पाडून समीकरण सोडविण्याची सारी रीत या नियमाच्या उलट बाजूवर उभी आहे. म्हणून अवयवांना हात घालण्यापूर्वीं उजवीकडचें सगळें सामान डावीकडे आणून उजवी बाजू झाडून मोकळी करावी लागते. आमच्या नातीनें घर न आवरतांच पाहुणे बोलाविले होते.

घर आवरलें. क्ष² − ५क्ष − ६ = ० झालें. आतां ज्यांची बेरीज वजा पांच व गुणाकार वजा सहा अशा दोन संख्या हव्यात. ती क्षणभर छताकडे पाहात राहिली, ओंठांतल्या ओंठांत कांहीं पुटपुटली, आणि एकदम म्हणाली, “वजा सहा आणि एक!” मग मधल्या पदाची फोड झाली, क्ष² − ६क्ष + क्ष − ६; दोन दोन पदांच्या जोड्या लागल्या; आणि शेवटीं (क्ष − ६)(क्ष + १) = ० हें देखणें रूप वहींत उतरलें.

हें जें छताकडे पाहणें आहे, तें आम्हांला फार प्रिय आहे. वर्गांत फळ्यावर समीकरण लिहून आम्ही मागें वळत असूं, तेव्हां पन्नास-साठ चेहरे असेच वर झालेले असत. त्या दोन संख्या कोणत्या, हें कोणताहि नियम थेट सांगत नाहीं. मनांतल्या मनांत जोड्या लावून पाहाव्या लागतात. वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्या तसें हें काम आहे. गुणाकार जुळतो तेथें बेरीज अडते, बेरीज जुळवावी तर चिन्ह आडवें येतें. आणि एकदां जुळलें म्हणजे, इतकें सोपें आधीं कसें दिसलें नाहीं, असें सर्वांनाच वाटतें.

हा जोड्या जुळविण्याचा खेळ फार जुना आहे. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीं बाबिलोन देशांतील लेखनिक ओल्या मातीच्या पाट्यांवर हींच कोडीं घालीत असत. त्यांची रीत मात्र चांचपडण्याची नव्हती. बेरीज पांच आणि गुणाकार सहा आहे ना? मग पांचाचें अर्धें अडीच घ्या. अडीचाचा वर्ग सव्वासहा. त्यांतून सहा वजा करा, पाव राहिला. पावाचें वर्गमूळ अर्धा. अडीचांत अर्धा मिळविला तर तीन, काढला तर दोन. झाल्या दोन्ही संख्या. दोन संख्या म्हणजे मधल्या एका मुक्कामापासून दोहों बाजूंना सारख्याच अंतरावर उभे असलेले दोन भाऊ, ही त्यांतली युक्ति. वाचकांनीं हे अडीच आणि अर्धा लक्षांत ठेवावे. पुढें त्यांची पुन्हां गांठ पडणार आहे.

या रीतीविषयीं एक गोष्ट मात्र आम्हीं वर्गांत कधीं सांगितली नाहीं, आणि ती येथें सांगून टाकण्यास हरकत नाहीं. पाठ्यपुस्तकांतील समीकरणांचे अवयव पडतात, याचें कारण तीं अवयव पडण्यासाठींच बनविलेलीं असतात. पुस्तक लिहिणारा आधीं उत्तरें ठरवितो, त्यांचे कंस करितो, ते गुणून समीकरण तयार करितो आणि मग आपले हात झटकून मुलांना म्हणतो, शोधा! एरवीं क्ष² − ५क्ष + ६ मधील सहा काढून तेथें एक, दोन, तीन, चार, पांच असें क्रमानें घालून पाहावें. चारावर एकदां अवयव पडतात, बाकी चारहि ठिकाणीं पूर्ण संख्यांत ते पडत नाहींत. तेथें वर्ग पूर्ण करण्याची वाट धरावी लागते. त्या वाटेचा श्रीधराचार्यांचा नियम भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत नांव घेऊन दिला आहे, आणि आजचीं मुलें सूत्र म्हणून जें पाठ करितात त्याचें मूळ त्याच वाटेवर आहे.

उत्तरांपासून समीकरणाकडे जाण्याची ही उलटी चाल केवळ मास्तरांची लबाडी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाला तिच्यांतूनच समीकरणांचें अंतरंग दिसलें. तो इ. स. १६२१ मध्यें वारला, आणि त्याचें बीजगणित त्याच्या पश्चात् दहा वर्षांनीं, इ. स. १६३१ मध्यें, लंडनला छापून निघालें. दोन कंसांचा गुणाकार करून एका बाजूला शून्य ठेवलें म्हणजे वर्गसमीकरण कसें जन्मास येतें, हें त्यानें त्यांत दाखविलें. ज्या रीतीनें तें जोडलें, त्याच रीतीनें तें सुटें करावयाचें. पण येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. हॅरियटच्या हस्तलिखितांत ऋण उत्तरांचा विचार आहे. छापलेल्या पुस्तकांत मात्र त्यांना जागा मिळाली नाहीं. इ. स. १६३७ मध्यें देकार्त या फ्रेंच पंडितानें ऋण उत्तरें मोजण्यापुरतीं मान्य केलीं, पण त्यांना नांव दिलें ‘खोटीं’. दोन जुळीं मुलें एकाच वेळीं जन्मावीं आणि एकाचें बारसें थाटानें करून दुसऱ्याला मागल्या दारानें बाहेर काढावें, असा हा प्रकार होता.

आम्ही एवढ्यावर आलों होतों, तोंच आमच्या नातीनें क्ष = ६ लिहून त्याखालीं चौकट काढली, आणि क्ष = −१ यावर काट मारण्यासाठीं पट्टी उचलली.

“हें खोडूं ना?” ती म्हणाली. “वजा आलं कीं खोडायचं.”

“कां?”

“खोडतातच. दोन उत्तरं आलीं कीं एक खोडायचंच असतं.” मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून तिनें विचारलें, “नेहमींच खोडायचं ना, आजोबा?”

वाफ्याची लांबी वजा एक मीटर असूं शकत नाहीं, तेव्हां येथें तें उत्तर सोडणें बरोबरच होतें. वास्तविक समीकरणाच्या बाजूनें पाहिलें तर त्याच्यांत कांहीं खोट नाहीं. लांबी वजा एक, रुंदी वजा सहा. गुणाकार बिनचूक सहा. समीकरणाला वाफा ठाऊक नसतो, त्याला फक्त संख्या ठाऊक असतात. वाफा आपल्याला ठाऊक असतो, म्हणून निवड करण्याचें काम आपलें. इतकें सांगून आम्हांला थांबतां आलें असतें. पण तिच्या त्या ‘नेहमींच’ या शब्दानें पन्नास वर्षांपूर्वींची एक गोष्ट आमच्यापुढें आणून उभी केली.

तें इ. स. १९७४ साल असावें. आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक म्हणून नुकतेच लागलों होतों. वय चोविसाच्या आसपास. गणिताच्या मास्तरानें चुकतां कामा नये, आणि चुकलाच तर तसें दिसूं देतां कामा नये, अशी आमची त्या काळीं समजूत होती. सहामाही परीक्षेंत आम्हीं एक प्रश्न घातला. सरळ वर फेंकलेल्या चेंडूची य सेकंदांनंतरची उंची २५य − ५य² मीटर असते. तर तो चेंडू ३० मीटर उंचीवर केव्हां असेल? सगळीं पदें एका बाजूला आणून पांचानें भागिलें म्हणजे य² − ५य + ६ = ० असें समीकरण होतें; त्याचे अवयव (य − २)(य − ३). आमच्या टिपणवहींत उत्तर लिहिलेलें होतें: २ सेकंद. चेंडू दोन सेकंदांत तेथवर पोंचला, प्रश्न संपला. तिसऱ्या सेकंदाचा विचार करण्याची आम्हांला गरजच भासली नव्हती.

बहुतेक मुलांनीं २ ठेवून ३ खोडलें होतें, कारण दोहोंपैकीं एक खोडावयाचें हें आम्हींच त्यांच्या अंगीं बाणविलें होतें. एका मुलानें मात्र दोन्ही उत्तरें ठेवून त्यांच्याखालीं एकच शब्द लिहिला होता: ‘दोनदां’. आम्हीं लाल शाईनें ३ वर काट मारली आणि २ गुण कापले.

उत्तरपत्रिका वांटल्या त्या दिवशीं तो मुलगा आमच्या टेबलापाशीं आला. दोन कोसांवरच्या एका वाडीहून तो रोज पायीं येत असे आणि शेवटच्या बाकावर बसे. आपण होऊन तो कधीं बोलल्याचें आम्हांला स्मरत नव्हतें. “सर,” तो म्हणाला, “चेंडू खालीं येतांना बी तिथूनच येतो ना?” आणि त्यानें टेबलावरचा खडूचा तुकडा उचलून वर उडविला व झेलला.

आम्हीं त्या खडूकडे नीट पाहिलें असतें तर सारें कांहीं तेथेंच उलगडलें असतें. पण आम्हीं खडूकडे पाहिलें नाहीं, वर्गाकडे पाहिलें. साठ मुलें आमच्याकडे पाहात होतीं. आम्ही म्हणालों, “खालीं येतांना काय होतं तें विचारलेलं नाहीं. जा, जागेवर बैस.” वर्ग हंसला. तो जागेवर जाऊन बसला.

एवढेंच झालें. छडी नाहीं, अपशब्द नाहीं. त्या काळच्या मानानें आम्हीं त्याला फारच सौम्यपणें परत पाठविलें होतें. पण त्यानंतर त्या मुलानें आमच्या वर्गांत कधींहि कांहीं विचारलें नाहीं. विचारलेल्याचें उत्तर तो देई, तेंहि एकच देई. यथाकाल शालान्त परीक्षा देऊन तो गेला, आणि पुढें आमची त्याची भेट झाली नाहीं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनीं भास्कराचार्यांचें बीजगणित आमच्या वाचनांत आलें. भास्कराचार्यांविषयीं महाराष्ट्राला विशेष आपुलकी वाटावी असें कारणहि आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चंगदेव यांनीं मठ स्थापिला होता, आणि त्याविषयींचा इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या या पुरुषानें वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं सिद्धान्तशिरोमणि पुरा केला. बीजगणित हा त्याचाच एक भाग. त्यांत माकडांचीं दोन गणितें आहेत, आणि तीं वाचतांना आम्हांला तो खडूचा तुकडा आठवला.

पहिल्या गणितांत माकडांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनांत बागडतो आहे आणि उरलेलीं बारा डोंगरावर बसलेलीं आहेत. तर एकूण माकडें किती? समीकरण होतें क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. उत्तरें दोन: ४८ आणि १६. अठ्ठेचाळिसांचा अष्टमांश सहा, त्याचा वर्ग छत्तीस, आणि बारा मिळून अठ्ठेचाळीस. सोळांचा अष्टमांश दोन, त्याचा वर्ग चार, आणि बारा मिळून सोळा. दोन्ही कळप तितकेच खरे. भास्कराचार्यांनीं दोन्ही उत्तरें घेतलीं आहेत.

दुसऱ्या गणितांत कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून जें राहील त्याचा वर्ग गुहेंत शिरला आहे आणि एक माकड तेवढें फांदीवर दिसतें आहे. येथें समीकरण होतें क्ष² − ५५क्ष + २५० = ०, आणि उत्तरें ५० व ५. पन्नासांचा पंचमांश दहा, त्यांतून तीन गेले सात, वर्ग एकोणपन्नास, आणि एक मिळून पन्नास, हें ठीक. पण पांचांचा पंचमांश एक. एका माकडांतून तीन माकडें कशीं वजा करावयाचीं? वजा दोनाचा वर्ग चार होतो आणि हिशेब जुळतोहि; परंतु असलीं उणीं माकडें लोकांना पटत नाहींत, म्हणून आचार्यांनीं हें दुसरें उत्तर सोडून दिलें आहे. सोडलें, पण आधीं लिहिलें. आणि सोडण्याचें कारणहि लिहिलें.

एकाच पुस्तकांत, एकाच प्राण्याचीं दोन गणितें, आणि दोन निरनिराळे निवाडे. दोन उत्तरें आलीं कीं एक खोडावें असा नियम तेथें नाहीं. दोन्ही ठेवावीं असाहि नाहीं. समीकरणानें दोघांना सारख्याच अदबीनें पुढें आणून उभें करावें, आणि मग सोडविणाराानें माकडांकडे जाऊन पाहावें, एवढीच शिस्त आहे. आमचें चुकलें होतें तें नेमकें येथें. आम्हीं चेंडूकडे जाऊन पाहिलेंच नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं कागदावर चेंडूचा हिशेब मांडला. तो सर्वांत उंच केव्हां पोंचतो? अडीच सेकंदांनीं, सव्वाएकतीस मीटरवर. त्याच्या आधीं अर्धा सेकंद तो तीस मीटरवर असतो, वर जातांना. आणि नंतर अर्धा सेकंद पुन्हां तीस मीटरवर, खालीं येतांना. बाबिलोनच्या लेखनिकांचे ते अडीच आणि अर्धा येथें आकाशांत लोंबकळत होते. दोन आणि तीन हीं एकाच उड्डाणाचीं दोन टोकें. एक ठेवून दुसरें खोडणें म्हणजे वर गेलेला चेंडू वरच ठेवून घरीं जाणें. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलानें हें सारें एका शब्दांत लिहिलें होतें.

यांतलें बरेंचसें आम्हीं परवां आमच्या नातीला सांगितलें. माकडांच्या गणितांवर ती खूष झाली. चेंडूचें खरें करून पाहण्यासाठीं तिनें खोडरबर दिवाणखान्यांत इतक्या जोरानें उडविला कीं तो पंख्याला लागून देवघरापाशीं जाऊन पडला, आणि आंतून तिच्या आजीनें, “अहो, पोरीला अभ्यास शिकवतां आहांत कीं क्रिकेट?” असें विचारलें. मग वही उचलून जातां जातां ती दारांत थांबली.

“मग त्या मुलाचे दोन मार्क तुम्ही परत दिलेत?”

“तो शाळा सोडून गेला होता,” आम्ही म्हणालों.

“शोधायचं होतं ना मग,” ती म्हणाली, आणि आंत गेली.

मुलांना उत्तरें देण्यांत आमचें आयुष्य गेलें. पण या प्रश्नावर आम्हांला कांहीं सुचलें नाहीं. त्याचा पत्ता शाळेच्या दफ्तरांत होता. वाडी दोन कोसांवर होती. माकडांचें गणित वाचलें त्या वर्षीं आम्ही त्याच गांवीं नोकरीस होतों. तेव्हां शोधणें अशक्य होतें असें म्हणतां येत नाहीं. ‘आतां त्या दोन गुणांचा त्याला काय उपयोग’, असें आम्हीं त्या वेळीं मनाशीं म्हटलें होतें, आणि त्या वाक्याखालीं चौकट काढून वही मिटली होती. हेंहि एक उत्तर होतें. पण त्याच्या शेजारीं दुसरेंहि एक होतें आणि आम्हीं तें लिहिलेंच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिची वही टेबलावर उघडी पडली होती. सवयीनें आम्हीं नजर टाकली. क्ष = −१ यावर काट नव्हती. शेजारीं तिच्या किरट्या अक्षरांत लिहिलेलें होतें: ‘लांबी ऋण नसते, म्हणून हें उत्तर घेतलें नाहीं.’

आम्हीं वही होती तशी ठेवून दिली. तपासण्यासारखें त्यांत कांहीं उरलें नव्हतें.